शेवटची दोन पानं

आमच्या घरात कायदा एकच, आणि तो मीच केलेला. शाळेच्या फाटकाच्या आत बाई सांगतील ते ऐकायचं, फाटकाच्या बाहेर मी सांगेन ते. अधलंमधलं काही नाही.

हा कायदा करायची वेळ आली ती भाची शाळेत जायला लागली त्या पहिल्याच आठवड्यात. बाईंनी सांगितलं होतं, डब्यातलं फळ आधी खायचं, मग पाव. मी सांगितलं होतं, आधी पाव, नाहीतर फळानेच पोट भरतं आणि पाव तसाच घरी येतो. संध्याकाळी डबा उघडला तर फळ जसंच्या तसं आणि पावही जसाच्या तसा. पोरगी दिवसभर उपाशी. का गं, विचारलं तर म्हणते, "बाई एक म्हणाल्या, तू एक म्हणालीस." आता बोला! दोन मोठी माणसं दोन गोष्टी बोलली की हिचं गाडंच अडायचं. मग मी तिला शाळेच्या फाटकाशी नेलं, खाली जमिनीत बसवलेल्या लोखंडी पट्टीवर तिचा बूट ठेवला आणि म्हटलं, "हे बघ, या पट्टीच्या आत बाई, बाहेर मी. आत गेलीस की मला विसरायचं, बाहेर आलीस की बाईंना." तिच्या जिवावरचं इतकं ओझं उतरलं की तिने त्या पट्टीवरून आत-बाहेर, आत-बाहेर उड्याच मारल्या. त्यानंतर रोज शाळेत जायची ती उडी मारूनच. मला वाटलं, काय शहाणी मी!

तिला सगळे खारू म्हणतात. घास गालात धरून ठेवायची सवय, उजवा गाल कायम खारीसारखा फुगलेला, म्हणून. नुसता घासच नाही, बोलणंही तिथेच धरून ठेवते. काही लपवायचं असलं, रडू दाबायचं असलं, की तोच गाल आतून जिभेने फुगवते. तिची आई गेली तेव्हा ही जेमतेम चालायला लागली होती. बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. महिन्यातून एकदा उगवतो, तिला खांद्यावर बसवून घरभर नाचतो, पोटभर झोपतो आणि जातो. म्हणजे वाढवली ती मी. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पँटची उंची कमी करा, कंबर सैल करा, चेन बदला, बाही आखूड करा. माणसं जाड-बारीक होतात, कपडे होत नाहीत, त्यावर आमचं पोट. माझं लग्न? झालं होतं, उसवलं. तो विषय नको.

शाळा सुटली की खारू दुकानात, माझ्या मशीनच्या पलीकडे बसून अभ्यास करायची. गणित म्हणजे तिचा जीव की प्राण. गिऱ्हाईक पँट घालून आरशासमोर उभं राहिलं की मी टेप उघडायच्या आत ही सांगायची किती कापायचं आणि दुमड किती सोडायची. एकदा एका गृहस्थांना बघून म्हणते, "आत्या, हे काका एका बाजूला कलतात, त्यांचा डावा पाय थोडा लांब ठेव." काकांच्या तोंडावर! मी डोळे वटारले, काका पोट धरून हसले. एवढी हुशारी आमच्या घरात आली कुठून, देव जाणे. बापाला अजून पाढे येत नाहीत. मी मनात ठरवून टाकलं होतं, ही मोठ्या शाळेत जाईल, त्याच्याही पुढे जाईल, खुर्चीत बसून काम करेल आणि माझ्यासारखी दिवसभर लोकांच्या पायाशी बसणार नाही.

आता चाचणीचं सांगते. शाळेत वर्षातून दोनदा मोठी चाचणी होते, एक वर्षाच्या सुरुवातीला आणि एक शेवटी. पेपर वरून सीलबंद येतो, सगळ्या शाळांना एकच, आणि तपासतं मशीन. पहिल्या चाचणीपासून दुसरीपर्यंत मुलं किती पुढे सरकली त्यावर शाळेची इज्जत. त्याला ते लोक 'वाढ' म्हणतात. वाढ चांगली तर शाळेच्या दारावर हिरवी पाटी, कमी तर लाल. आमच्या शाळेवर दोन वर्षं लाल होती. तिसऱ्यांदा लाल लागली की मोठ्या सरांची, म्हणजे मुख्याध्यापकांची, खुर्ची जाणार आणि निम्म्या बायांची बदली होणार, हे रस्त्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पावाच्या दुकानाच्या रांगेत बायका त्या पाटीबद्दल इतकं हळू बोलायच्या, जणू कुणाच्या घरात मोठं दुखणं आहे.

या वर्षीच्या पहिल्या चाचणीच्या दिवशी खारू फाटकातून बाहेर आली ती गाल फुगवून.

"कसा गेला पेपर?"

"छान."

"सगळं आलं?"

"हो. सगळंच येत होतं." आणि हसली.

काहीतरी लपवतेय हे मला कळलं. पण म्हटलं, पैकीच्या पैकी मिळणार असतील आणि आत्याला चकित करायचं असेल. तिला चॉकलेट घेऊन दिलं आणि दुकान उघडलं.

महिना उलटला आणि मोठ्या सरांनी मला बोलावणं धाडलं. मोठे सर नावालाच मोठे. खुर्चीत बसले की पाय जेमतेम जमिनीला टेकतात, सदान्‌कदा मानेचा घाम पुसत असतात. त्यांच्या कोटाची बाही मीच दोनदा आखूड करून दिली आहे. त्या दिवशी त्यांनी मला "बसा ताई" म्हटलं आणि स्वतः उठून पाणी दिलं. पाणी दिलं तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी काळंबेरं आहे.

"ताई, यंदा नियम बदललाय," ते म्हणाले. "पहिल्या चाचणीत जी मुलं किमान मार्कांच्या रेषेखाली येतात, त्यांना आधार वर्गात पाठवायचं. तुमची भाची रेषेखाली आहे."

"कुणाची?"

"तुमची."

मी हसले. खरंच हसले. "सर, तुमच्या मशीनमध्ये जरा तेल घाला."

ते हसले नाहीत. रुमाल मानेवरून कपाळावर नेला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

आधार वर्ग म्हणजे काय ते आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बस डेपोच्या मागे एक बसकी इमारत आहे, खिडक्यांच्या काचांना खालून अर्ध्यापर्यंत रंग फासलेला. नाव आधार आणि आत अंधार. तिथे मुलांना चिकटवायला, घड्या घालायला, पाकिटं भरायला शिकवतात. पावाच्या दुकानवालीची थोरली तिथे गेली, ती आता खोक्यांच्या कारखान्यात घड्याच घालते. तिथून मोठ्या शाळेचा रस्ताच नाही. तिथे गेलेलं पोर माघारी आलेलं मी तरी पाहिलं नाही.

घरी येऊन खारूला विचारलं, "त्या दिवशी पोटात दुखत होतं का? भीती वाटली? झोप आली?" सगळ्याला उत्तर एकच, "नाही आत्या, छान गेला होता." आणि गाल टम्म. मी आणखी खोदलं तर डोळे भरून आले, पण तोंड उघडेल तर शपथ. भावाला फोन लावला. तो कुठल्याशा पेट्रोल पंपावर रांगेत होता. सगळं ऐकून म्हणाला, "ताई, तू आहेस ना? तू बघ." तिची आई गेल्यापासून तो हेच म्हणतोय. मी फोन आपटला आणि मग गॅससमोर उभी राहून रडले, कारण कुणाला धरून भांडायचं तेच कळेना.

दोन-तीन दिवसांनी बाई दुकानात आल्या. खारूच्या वर्गाच्या बाई. वयाने लहानच, माझ्या धाकट्या बहिणीसारख्या. खारूचा तर देवच. बाईंचं अक्षर, बाईंची वेणी, बाई शिंकतात कशा, हे सगळं मला घरी साभिनय बघावं लागायचं. बाई म्हणाल्या, स्कर्टची कंबर घट्ट करायची आहे. आणि खरंच, महिन्याभरात त्या कमरेत चांगली तीन बोटं उतरल्या होत्या. त्या स्कर्ट घालून उभ्या राहिल्या, मी तोंडात टाचण्या धरून खाली बसले. माझं तोंड बंद होतं म्हणूनच बहुतेक त्यांना बोलायचा धीर आला.

"ताई, खारूला काही येत नाही असं नाहीये. मीच तिला सांगितलं होतं."

मी मान वर केली.

"मोठे सर दरवर्षी आम्हाला सांगतात, पहिल्या चाचणीत झाकली मूठ. मुलांना म्हणायचं, शेवटचं पान कोरं ठेवा. म्हणजे पहिला आकडा खाली येतो. वर्षाअखेरी तीच मुलं सगळं सोडवतात आणि वाढ दिसते. सगळ्या वर्गांत हेच चालतं."

मी तोंडातली एक टाचणी काढली. "मग सगळीच मुलं रेषेखाली यायला हवीत."

"एका पानाने कुणी रेषेखाली जात नाही हो. आणि बाकीची ऐकतात कुठे? निम्म्यांनी हौसेने तेही पान रंगवून टाकलं. पण खारू..." बाईंचा आवाज कापायला लागला. "ती इतकी पुढे आहे की एक पान सोडूनही वरच राहिली असती. आधीच वर असलेल्या मुलीची वाढ कुठून दाखवणार? सर म्हणाले, तिला दोन पानं सोडायला सांगा. शेवटची दोन. जास्त मार्कांची गणितं सगळी तिथेच असतात. आणि रेषेचा नियम आला तो चाचणी होऊन गेल्यावर."

"तिला काय म्हणालात? नेमकं काय म्हणालात?"

"म्हणाले, ही तुझी खास कामगिरी. आपलं दोघींचं गुपित. कुणी कितीही सांगितलं तरी, मी स्वतः येऊन सांगेपर्यंत, ती दोन पानं कोरी ठेवायची. घरीसुद्धा बोलायचं नाही."

मी उरलेल्या टाचण्या तोंडातून काढून उशीत खोचल्या आणि उभी राहिले. मग काय, तोंडाचा पट्टा सुटला. "चोर सोडून संन्याशाला सुळी! हिरवी पाटी तुम्हाला हवी आणि बळी माझी पोर? घरात दुसऱ्या कुणाचं कौतुक नसतं, बाई, सकाळ-संध्याकाळ तुमचं नाव असतं! केसाने गळा कापलात तिचा!"

त्या रडायला लागल्या. "मी तिला सांगते, ताई. मीच सांगते तिला सगळं नीट."

"खबरदार! माझ्या पोरीच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. चालत्या व्हा."

पडद्यामागे जाऊन त्यांनी कपडे बदलले आणि गेल्या. टाचण्या लावलेला स्कर्ट तिथेच खुंटीवर राहिला.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप घालून मी शाळेत गेले. मोठ्या सरांना असं झाडून काढलं की बाहेरच्या व्हरांड्यात शिपाई झाडू हातात धरून थिजून उभा राहिला. सरांनी मला बोलू दिलं. मग उठून दार लावलं.

"ताई, हे बाहेर गेलं तर मी जातो, बाई जातात, शाळाही जाते. जाऊ दे. पण तुमची पोर वाचते का? वरचे लोक म्हणतील, या शाळेचे सगळेच आकडे खोटे, इथल्या कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा? चौकशी चालेल वर्षभर. तोवर ती डेपोच्या मागे बसलेली असेल."

"मग मी काय करू? ओवाळू तुम्हाला?"

"फेरचाचणी मिळते. एकदाच. पहिल्या वेळी मूल आजारी होतं, असं घरच्यांनी सहीनिशी लिहून दिलं तर. बाहेरचे परीक्षक येतात, वर्गाच्या बाईंना त्या दिवशी शाळेच्या आवारात पाऊल टाकता येत नाही. फक्त पोरीला सांगा, सगळं सोडव म्हणावं. दोनच पानांचा तर प्रश्न आहे."

"त्याची काळजी तुम्ही करू नका," मी म्हटलं. "माझी पोर माझ्या शब्दाबाहेर नाही."

आणि लिहून दिलं. ताप होता, उलट्या झाल्या होत्या, खाली सही. अडला हरी गाढवाचे पाय धरी. लिहिताना लाज वाटली, पण बाहेर पडताना, खोटं कशाला बोलू, जिंकल्यासारखंही वाटलं.

खारूला मी खरं काही सांगितलं नाही. काय सांगू? ज्यांचं नाव घेत उठतेस त्यांनीच तुला खड्ड्यात घातलं, असं सांगू? म्हटलं, "अगं, तुझा पेपर मशीनमध्ये हरवला. परत द्यावा लागणार."

"तोच पेपर?"

"अगदी तसाच. पहिल्यासारखाच."

तिचा चेहरा खुलला. इतके दिवस आत्याचं काय बिनसलंय हे तिला कळत नव्हतं, ते आता कळलं असं तिला वाटलं असणार. पेपर हरवला, एवढंच ना! त्या रात्री ती शांत झोपली.

फेरचाचणीच्या सकाळी मी तिला उकडलेलं अंडं आणि दूध दिलं. समोर बसून म्हटलं, "आज एकही पान सोडायचं नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सोडवायचं. कळलं?"

तिच्या तोंडात घास होता. तो चावायचा थांबला, गालात गेला.

"बाईंनी सांगितलंय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या बाईचं नाव माझ्या टेबलावर, आजच्या दिवशी! "बाईंचं काय घेऊन बसलीस? मी सांगतेय ना? मी कोण?"

"आत्या."

"मग?"

"हो, आत्या."

'हो आत्या' म्हणाली म्हणजे विषय संपला, असं इतकी वर्षं होत आलं होतं. रस्त्याने ती माझा हात धरून चालली, एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, पेपरची धास्ती. फाटकाशी आल्यावर तिने हात सोडला. खाली पट्टीकडे बघितलं, वर माझ्याकडे बघितलं. रोज उडी मारून जाणारी पोर, त्या दिवशी एक पाय उचलून आत ठेवला, मग दुसरा. "शहाणी गं माझी," मी मागून म्हटलं. तिने वळून पाहिलं नाही.

मी समोरच्या पावाच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. दुकानवालीने चहा आणून दिला आणि पैसे घेतले नाहीत. मला किती दिवसांनी भूक लागली! गरम पाव घेतला, एक खारूसाठी बांधून घेतला. मनातल्या मनात तिच्या मोठ्या शाळेच्या कपड्यांचं कापडही निवडून झालं. वाढत्या अंगाचे शिवायचे, खाली भरपूर दुमड ठेवायची, म्हणजे दरवर्षी थोडं थोडं उसवून लांब करता येतं. असले विचार. उतावीळपणा म्हणतात तो हाच.

वेळ संपायच्या खूप आधीच फाटक उघडलं. परीक्षक बाई बाहेर आल्या, पिकल्या केसांच्या, चेहऱ्याने मायाळू, बगलेत सील केलेलं पाकीट. मागे खारू. परीक्षक बाई मला म्हणाल्या, "गोड आहे हो पोरगी. पण अर्ध्यातच पेन्सिल खाली ठेवली. मी दोनदा म्हटलं, बाळ, अजून पानं आहेत, वेळ आहे. ऐकेचना. नुसती दाराकडे बघत बसली."

आणि त्या त्यांच्या गाडीकडे गेल्या.

खारू पट्टीच्या आतच उभी होती. मी गेले, गुडघ्यांवर बसले, माझ्या हातातला पाव अजून गरम होता.

"आत्या, रागावू नकोस ना," ती म्हणाली. "फाटकाच्या आत बाईंचं ऐकायचं, तूच म्हणतेस. बाई म्हणाल्या होत्या, त्या स्वतः सांगेपर्यंत दोन पानं कोरी. मी त्यांची खूप वाट बघितली. मला वाटलं, तू म्हणालीस म्हणजे त्या येऊन सांगतीलच. पण त्या आल्याच नाहीत." तिचा गाल फुगला आणि परत बसला. "मला सगळं येत होतं आत्या. मनातल्या मनात सोडवली मी सगळी. फक्त लिहिली नाहीत."

मी उठून धावले. गाडी सुरू झाली होती, मी काचेवर हात आपटले. परीक्षक बाईंनी काच खाली केली. मी काय बोलले ते मलाही धड आठवत नाही. तिच्या बाईंनीच कोरं ठेवायला सांगितलं होतं हो, तिला सगळं येतं, आत्ता बसवा, इथे गाडीच्या टपावर बसवा, तुमच्या डोळ्यांदेखत सोडवेल!

"ताई, पाकीट सील झालं," त्या म्हणाल्या. मग कपाळाला आठी घालून, "पण तुम्ही तर ती आजारी होती असं लिहून दिलंय ना?"

मी गाडीवरचे हात काढले. त्या वाईट बोलल्या नाहीत, उलट म्हणाल्या, "समजू शकते मी. घरच्यांना मान्य करणं जड जातं." काच वर गेली.

वळून पाहिलं तर मोठे सर वरच्या खिडकीत उभे होते. मला बघून मागे झाले. खारू पट्टीच्या बाहेर आली होती. तिने माझ्या हातातला पाव घेतला, त्याचे दोन तुकडे केले, मोठा मला दिला.

"बाई खूश होतील ना?" तिने विचारलं.

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

बाईंनी नोकरी सोडली असं नंतर कानावर आलं. त्यांचा स्कर्ट अजून दुकानात खुंटीवर आहे, टाचण्यांना गंज चढलाय. मला त्यांचा राग यायचा, आता येत नाही. त्या सांगते म्हणत होत्या. दुकानात उभ्या राहून रडत म्हणत होत्या, मीच सांगते तिला. मी तोंड आवरलं असतं तर त्यांचं एक वाक्य पुरलं असतं. भाऊ आला, सगळं ऐकून पोरीला खांद्यावर न घेता नुसता तिच्या शेजारी बसून राहिला, आणि या वेळी "तू बघ" म्हणाला नाही. शाळेवर यंदा हिरवी पाटी लागली. वाढ चांगली झाली म्हणे. रेषेखालची मुलं वर्षाच्या मधेच काढून टाकल्यावर होणार नाही तर काय?

डेपोच्या मागच्या इमारतीत खारूला मी पहिल्या दिवशी सोडायला गेले, तेव्हा ती रस्ताभर बडबडत होती. तिथे जाण्याचं कारण मी तिला सांगितलेलंच नाही. बाईंनी दिलेली कामगिरी तिने चोख केली, म्हणून आता दुसऱ्या शाळेत नेमणूक झाली, असं तिचं तिनेच ठरवून टाकलं होतं. मी खोडून काढलं नाही. हिंमत नव्हती.

तिथल्या फाटकाखाली लोखंडी पट्टी नाही, नुसती माती आहे. आत एका खिडकीच्या अर्ध्या रंगवलेल्या काचेच्या वरून दोन-तीन डोकी आमच्याकडे बघत होती. खारू फाटकाशी थांबली. खाली बघून पायाने माती चाचपली, पट्टी शोधली. मग माझा हात ओढून हळूच म्हणाली, "आत्या, इथे आत कुणाचं ऐकायचं?"

मला ओरडून सांगावंसं वाटलं, कुणाचं ऐकू नकोस, माझंसुद्धा ऐकू नकोस. पण ते तिने ऐकलं असतं.

घंटा झाली. बाकीची मुलं आत गेली. ती माझ्या तोंडाकडे बघत तिथेच उभी राहिली.